भारतात एकूण किती दिवस?

नोकरीसाठी जर्मनीला गेले त्या वर्षी कंपनीने माझ्या पगारातून भरमसाट कर कापला, तिकडे केलेल्या कामाच्या पगारावरसुद्धा. तो परत मिळवायचा तर त्या आर्थिक वर्षातला माझा भारतातला मुक्काम एकशेब्याऐंशी दिवसांपेक्षा कमी हवा होता. हिंगोलीच्या आमच्या सीएंनी फोनवर विचारलं, "भारतात एकूण किती दिवस होता, मॅडम?"

"असेन थोडेफार."

"फॉर्मात थोडेफार लिहायला जागा नाही."

एप्रिलपासून पुण्यात होते, मग गेले, मग दोनदा येऊन गेले. माझी बेरीज कधी एकशेसत्तर यायची, कधी एकशेचौऱ्याऐंशी. पासपोर्टवरचे शिक्के एकमेकांच्या उरावर बसलेले. तिकिटं कंपनीच्या जुन्या ईमेलात, आणि तो ईमेल बंद. दीड महिन्याच्या पगाराएवढे पैसे अडकले होते आणि मला ते हवेच होते, कारण ते माझे होते.

शेवटी आखाडा बाळापूरला बाबांना फोन लावला. बाबांचं भांड्यांचं दुकान आहे. तिथे एका खिळ्यावर नवं कॅलेंडर जुन्याच्या वर अडकवतात, जुनं काढत नाहीत. जे घडेल ते तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहायचं, हा त्यांचा नेम. लहानपणी मी त्याला हसायचे.

"बाबा, मी विमानात कधी कधी बसले, तेवढं बघा ना."

"थांब, चष्मा लावून राहिलो."

तेवढंच बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "चारला गॅसची टाकी आली. सहाला मोटर जळाली. अकराला तुझी आत्या रुसून गेली."

"बाबा, विमान!"

"येऊन राहिलं ना! मधल्या तारखा काय खाऊन टाकू?"

पण मी निघताना फोनवर कळवलेलं एकूण एक विमान सापडलं, वेळेसकट. बेरीज एकशेशहात्तर. मी खुर्चीतून उठून नाचले. फोन ठेवणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "माझे तर नऊच येऊन राहिले."

"नऊ काय?"

"दिवस. 'पोरगी' लिहिलेले. तू घरी जेवली, त्या दिवशी लिहितो मी. जायच्या आधी दोन, दिवाळीत पाच, जानेवारीत दोन."

मला हे पटेना. मी वकिलासारखी भांडले. "दिवाळीनंतर नांदेडला जाताना दुकानावर थांबले होते की! चहा घेतला, अर्धा तास बसले."

"चहाचा दिवस धरत न्हाई."

मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट हे, की त्या अर्ध्या तासासाठी मी हट्टाने भांडत होते. पण बाबा बधले नाहीत. माझ्या हिशोबात पुणं, विमानतळ, मैत्रिणींची घरं, सगळं भारतात धरलं होतं. त्यांच्या हिशोबात एक ताट होतं.

पुढे काही महिन्यांनी रिफंड खात्यात आला. मी लगेच बाबांना कळवलं. ते खूश झाले, पेढे वाटतो म्हणाले. मग विचारलं, "सरकार किती दिवस राहू देतं म्हणली व्हतीस?"

"एकशेएक्याऐंशी."

पलीकडे कॅलेंडरची पानं वाजली.

"एवढी मुभा हाय, मग नऊच काहून वापरून राहिली?"