सदाची पिवळी रेघ

शीळफाट्याच्या कोंडीत अडकलेलो असताना वर्षावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. "कुठे?" असं मी विचारलं. पुढची गाडी हलली, मागच्याने हॉर्न मारला, तेव्हा कुठे अर्थ लागला.

सदा, म्हणजे वहिनींचे 'हे', आमच्या कार रॅलीच्या टीमचा इंजिनिअर. जीव धोक्यात घालायचो आम्ही दोघं : गाडी चालवणारा केदार आणि शेजारी बसून त्याला वळणं वाचून दाखवणारा मी. सदा सर्व्हिसच्या तंबूत थर्मासमधला चहा पीत आमची वाट पाहायचा. आणि गेला तोच आधी, ठाकुर्लीतल्या घरी, दुपारी जेवून आडवा झालेला असताना... याला काय म्हणायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शहाडच्या आमच्या शेडमध्ये त्याची एक पद्धत होती. नट आवळून झाला, मनासारखा बसला, की त्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पेंटच्या पेनाने पिवळी रेघ ओढायची. नट सैल झाला की रेघ तुटलेली दिसते. ही पद्धत सगळेच वापरतात, पण सदाला तिचं वेडच होतं. त्याच्या घरी गॅसच्या शेगडीला, पंख्याला, मिक्सरच्या बुडाला रेघा होत्या. "लग्नात माझ्यावर तेवढी मारली नाही," असं वहिनी म्हणायच्या. आमच्यात 'रेघ मारली' म्हणजे विषय संपला, निघा.

त्या एका रॅलीत आम्ही पहिले होतो आणि शेवटचा टप्पा उरला होता. सदाने पुढच्या चाकाच्या आर्मचा बोल्ट आवळला. पान्याने कट् आवाज केला, म्हणजे बोल्ट हवा तेवढा आवळला गेला, हिशेबाने काम झालं होतं. पण सदा पेन हातात धरून तसाच बसून राहिला.

"बोल्टचा आटा सरकल्यासारखा वाटतोय," तो म्हणाला.

"टाईट आहे ना?" केदारने विचारलं.

"आहे."

"मग टिकेल की रे."

"बहुतेक टिकेल. बहुतेकवर मी रेघ मारत नाही."

दुसऱ्या टीमकडून बोल्ट मागून आणेपर्यंत वेळ टळली, दंड बसला आणि पहिला नंबर गेला. तो जुना बोल्ट टिकला असता की तुटला असता, हे कधीच कळलं नाही, कळणारही नव्हतं. केदार मात्र पुढची कित्येक वर्षं, चार माणसं जमली की, "सदाच्या एका रेघेने माझी ट्रॉफी खाल्ली," असं ऐकवायचा. सदा हसून घ्यायचा. मला ते आवडायचं नाही. त्याने एकदा तरी केदारला सुनवावं, असं वाटायचं. गाडीत मीही बसलेलो होतो.

मागच्या आठवड्यात केदार आणि मी ठाकुर्लीला गेलो. गॅलरीत नवा झोपाळा, कड्या वर बांधून ठेवलेला. सदानेच लावला होता. छताला चार नट. तीन नटांवर रेघ, चौथा कोरा.

"तेवढा राहिला, म्हणून कोणी बसत नाही," वहिनी म्हणाल्या.

केदार स्टुलावर चढला. सदाचाच पाना घेऊन त्याने जोर लावून पाहिला. नट हलला नाही. मी त्याच्या हातात पिवळं पेन दिलं.

"टाईट आहे," तो म्हणाला.

"नक्की ना, भाऊजी? नात येणारे रविवारी. आधी त्यावरच उडी मारेल."

केदार वर बघत राहिला.

"हो... बहुतेक," तो म्हणाला.

मग त्याने पेनाला टोपण लावलं आणि चौथा नट सोडवायला घेतला. नवा बोल्ट आणायला मी खाली उतरलो.