दादाची पट्टी

माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून "मला हे येत नाही" असं वाक्य आजवर कुणी ऐकलेलं नाही. एकतर त्याला ती गोष्ट येते, नाहीतर ती करण्याच्या लायकीचीच नसते. गाडी शिकवणं हा त्याचा धंदा. निम्मं शहर त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलं आहे, मीसुद्धा. उरलेलं निम्मं शहर रस्त्यावर चुका करतं असं त्याचं ठाम मत आहे. आवाज कायम चढा. शेजारच्या सीटवरच्या माणसाला "हळू" हा शब्दसुद्धा तो ओरडून सांगतो.

त्याच स्कूलच्या शिकवणीच्या खोलीत दर रविवारी सकाळी आमचा बँड बसतो. भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचे तक्ते, कोपऱ्यात उभं चिरलेलं एक इंजिन, म्हणजे आत काय फिरतं ते शिकाऊंना दिसावं. इंजिनाला खेटून माझे ड्रम, आणि माझ्या डोक्यावर "हॉर्न वाजवू नका" अशी पाटी. मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, त्यामुळे माझा हात हलत नाही, म्हणून ड्रम माझ्याकडे आले असं दादा सांगतो. खरं तर दुसरं कुणी तयार नव्हतं. गिटार माझा नवरा वाजवतो, त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. बेसवर जनावरांचे डॉक्टर. कीबोर्डवर शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. आणि गातो अर्थात दादा. तो दुसरं काय करणार?

आम्ही एकाच जुन्या बँडची गाणी वाजवतो. दादा कॉलेजात होता तेव्हा त्या चौघांचं आपसात फाटलं आणि बँड मोडला. जगातलं गाणं त्या दिवशी संपलं, असं दादा धरून चालतो. स्वतःचं गाणं आम्ही केलेलं नाही आणि करणारही नाही. रेकॉर्डवर जसं आहे तसं, अगदी तसंच. एका गाण्यात त्यांच्या गिटारवाल्याचं बोट चुकून भलत्याच तारेला लागलं आहे. ती चूकही माझा नवरा इमानेइतबारे दर रविवारी करतो.

आमचं शेवटचं गाणं ठरलेलं. त्यात एक जागा आहे, तिला आम्ही शिडी म्हणतो. गायक एकेक सूर चढत वर जातो आणि सगळ्यात वरच्या सुरावर एकटा उभा राहतो. तिथे बाकीचे सगळे थांबतात. मीही काठ्या हवेत धरून त्याच्या तोंडाकडे बघत बसते. तो खाली आला की मग आम्ही.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी दादा शिडी चढला आणि वरून पडला. आवाज सरळ फाटला. "धूळ आहे," म्हणाला. पुन्हा चढला, पुन्हा फाटला. मग माइक पुसला, वायर गुंडाळली, दोन्ही पेटीत ठेवली आणि बकलं लावली. मी दादाला लहानपणापासून ओळखते, त्यामुळे त्या बकलांचा अर्थ मला कळला. पोराने बुद्धिबळात हरवलं त्याच संध्याकाळी याने पट आणि सोंगट्या वॉचमनला देऊन टाकल्या होत्या. मुलीने टेबल टेनिसमध्ये हरवलं, तेव्हापासून त्या टेबलावर घरातल्या कपड्यांना इस्त्री होते. दादा हरत नाही. हरला की तो खेळच बंद करतो.

आणि गाणं बंद झालं असतं तर? पोरं नोकरीसाठी लांब गेली. आठवडाभर हा माणूस दुसऱ्यांच्या चुका बघत रस्त्यावर फिरतो आणि घरी येऊन भिंतीवर चिडतो. वहिनी एकदा मला म्हणाली होती, "रविवारी गाऊन आला ना, की मंगळवारपर्यंत माणसात असतो गं."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने डॉक्टरांना, बाईंना आणि मला दुकानात बोलावलं. "एक पट्टी खाली घेऊया," तो म्हणाला. "दादाला सांगायचं नाही. नंबर वाढला म्हणून कुणी वाचणं सोडतं का? काच बदलायची, झालं."

पुढच्या रविवारी आम्ही अर्धा तास आधी जमलो. नवऱ्याने आणि डॉक्टरांनी तारा उतरवल्या, बाईंच्या कीबोर्डला तर त्यासाठी बटणच आहे, त्यांनी ते दाबलं. माझ्या ड्रमना पट्टी नसते, त्यामुळे मी नुसती दारावर लक्ष ठेवून होते. दादा आला, नाक मुरडून म्हणाला, "बघू आज धूळ आहे का," आणि शिडी चढून वर असा उभा राहिला की इंजिनावरचा पाना थरथरला. "बघितलंत? धूळच होती!" मी बाईंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघी फुटलो असतो.

दोनेक वर्षांनी आणखी एक पट्टी उतरवावी लागली. तारा ढिल्या पडून फडफडायला लागल्या, म्हणून नवऱ्याने जाड तारा आणल्या. "माझा बेस हल्ली गाभण म्हशीसारखा हंबरतो," डॉक्टर म्हणायचे, आणि तो आवाज त्यांना चांगला माहीत आहे. दादा मात्र फुगत चालला. सिग्नलला गाडी थांबली की शिकाऊ पोरांना सांगायचा, "अठ्ठावन्न पूर्ण! आणि पट्टी तीच!" मूळ रेकॉर्ड तो कधी लावत नसे. ती त्याच्या डोक्यात आहे म्हणे. आमचं नशीब.

पण झाकली मूठ फार दिवस राहत नाही. त्या चौघांच्या गाण्यांचा एक मोठा कार्यक्रम ठरला, नाट्यगृहात, तिकिटं लावून. गावोगावचे आमच्यासारखे गायक येणार होते. बँड कुणाचाच नाही. मागे मूळ रेकॉर्डवरून केलेला ट्रॅक वाजणार आणि प्रत्येकाने त्यावर एक गाणं म्हणायचं. संयोजकाचा दादाला फोन आला. दादाने आम्हाला विचारण्याआधीच हो म्हटलं आणि गाणं कुठलं घेतलं असेल? शिडीचं. मूळ पट्टीत, भरलेल्या नाट्यगृहासमोर.

आता कुणीतरी सांगायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, "माझे पेशंट उलट बोलत नाहीत, मला सवय नाही." बाई म्हणाल्या, "पालकांना खरं सांगण्यात माझी सगळी नोकरी गेली, आता मी निवृत्त आहे." नवरा म्हणाला, "तुझा भाऊ आहे." हे वाक्य त्याने लग्नापासून शिलकीत ठेवलेलं आहे.

शुक्रवारी दुपारी मी स्कूलमध्ये गेले. "दादा, मला रिव्हर्स नीट जमत नाही, जरा बघ ना," अशी थाप मारली. तो खूश. "मी तेव्हाच म्हटलं होतं, छोटे!" म्हणत शेजारी बसला. मी लोकांना रोज "मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं सांगून सुई टोचते. त्या दिवशी मला मुंगी सुचेना.

"दादा, आपण मूळ पट्टीत वाजवत नाही."

"आरसा बघ."

"दोन पट्ट्या खाली वाजवतो. तुझा आवाज फाटला होता ना, त्यानंतर."

"इंडिकेटर दे."

मी इंडिकेटर दिला. वळले. आणि गाडी आपोआप थांबली. मी ब्रेकला पाय लावलेला नव्हता, त्याच्या पायाखालचा दुसरा ब्रेक त्याने दाबला होता. मागून हॉर्न सुरू झाले.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना."

"तुझ्या वहिनीला?"

"तिलाही."

त्याने पट्टा सोडला, उतरला आणि दार अगदी हळू लावलं. जन्मात दार आपटल्याशिवाय न लावणारा माझा भाऊ. शिव्या दिल्या असत्या तर मी इतकी घाबरले नसते. तो चालत निघून गेला आणि मी चारी बाजूंनी "शिकाऊ" लिहिलेली गाडी एकटीने परत आणली. रस्त्यावरचे लोक भीतीने बाजूला होत होते आणि मी रडत होते, म्हणजे त्यांचं काही चुकत नव्हतं.

रविवारी सवयीने आम्ही लवकर जमलो. पण तारा कुठल्या पट्टीला लावायच्या हेच कुणाला कळेना, म्हणून कुणी हात लावला नाही. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. "निघालाय. दोन दिवस घरात शब्द नाही. पेटी बरोबर घेतलीय."

"आपल्याला देऊन टाकायला आणत असेल," डॉक्टर म्हणाले.

दादा आला. पेटी टेबलावर ठेवली, माइक काढला. "मूळ पट्टीत लावा," एवढंच म्हणाला.

बाईंनी बटण दाबलं. डॉक्टरांनी खुंट्या पिळल्या. नवऱ्याच्या जाड तारांना तेवढा ताण सोसेना, एक फाडकन तुटली. तो उरलेल्या पाच तारांवर उभा राहिला. मी चार ठोके दिले आणि दादा गायला लागला. गाण्याचा पहिला भाग बरा गेला. शिडी आली. तो चढला आणि निम्म्यावरच आवाज फाटला, इतका वाईट की बाई कीबोर्डच्या पट्ट्यांकडे बघत राहिल्या. "पुन्हा," तो म्हणाला. पुन्हा फाटला. त्याची मान लाल झाली होती, कपाळावरची शीर वर आली होती. मला तो आवाज ऐकवेना. माझा भाऊ आहे तो.

मग तो नवऱ्याकडे वळला. "काय जावईबापू, माझ्या मागे माझी पट्टी उतरवलीत? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

माझा नवरा गरीब माणूस. ग्राहकाने चष्मा तीनदा परत आणला तरी चौथ्यांदा चहा देतो. पण त्या दिवशी त्याचंही डोकं फिरलं. "आणि तू शिकाऊंना काय करतोस? खाली पायाने ब्रेक दाबतोस आणि वर म्हणतोस, शाब्बास, छान थांबवलीस!"

"ते वेगळं! तिथे माणसाचा जीव जातो!"

"इथेही जाणारच होता!" हे मी ओरडले. इतक्या जोरात, की मलाच माझा आवाज दादासारखा वाटला. "तू पेटीला बकलं लावून घरी बसला असतास, तर काय राहिलं असतं तुझ्यात? बुद्धिबळ गेलं, टेबलावर इस्त्री होते. तू गायलास काय नि किंचाळलास काय, मला फरक पडत नाही. मला रविवारी माझा भाऊ समोर उभा हवाय. म्हणून गप्प बसले. अजून बसेन!"

दादा टेबलाशी गेला आणि पेटीवर वाकला. मी तोंड फिरवलं आणि इंजिनाकडे बघत बसले. आता बकलांचा आवाज येणार, तो मला ऐकायचा नव्हता. कागद चुरचुरला. वळून बघते तर त्याने पेटीच्या कप्प्यातून खोकल्याची गोळी काढली होती. ती गालात धरून तो म्हणाला, "अजून एक खाली घ्या."

"काय?" डॉक्टर म्हणाले.

"ऐकू येत नाही? दोन होत्या ना, आता तीन करा. वर्षभर तुमच्या त्या पट्टीतही ओढून गातोय मी. रविवारी गायलो की बुधवारपर्यंत घसा बसतो, तिकडे शिकाऊंवर ओरडताही येत नाही. म्हटलं, मूळ पट्टी आहे, तक्रार कुठल्या तोंडाने करायची?" मग जरा थांबून, खाली बघत म्हणाला, "आणि मी नाही म्हटलं तर तुमचा रविवार बुडाला असता."

पहिले हसले ते डॉक्टर. मग बाई, इतक्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. या घरात कुणालाच कुणाला खरं सांगता येत नाही, आणि सगळे स्वतःला फार हुशार समजतात. आई-बाबा असते तर दोघांनाही धपाटे मिळाले असते.

तारा उतरवल्या. तीन पट्ट्या खाली, पाच तारांची गिटार, हंबरणारा बेस. दादा शिडी चढला आणि वर उभा राहिला. शीर नाही, लाल मान नाही, डोळे मिटलेले. असा उभा राहिला की खाली यायचं नावच घेईना. हवेत धरलेले माझे हात भरून आले तरी मी काठ्या खाली केल्या नाहीत. इतकं छान तो विशीतही गायला नव्हता, आणि हे मी बहीण म्हणून सांगत नाही.

गाणं संपल्यावर त्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, संयोजकाला लावला. त्याचा आवाज नेहमीसारखा, रस्त्यापलीकडे जाईल असा.

"नमस्कार! ट्रॅक तीन पट्ट्या खाली पाहिजे... नाही हो, आजारी कशाला असेन? ठणठणीत आहे... मूळ पट्टी त्या गायकाची, ही माझी... लोक काय म्हणतील ते लोकांना म्हणू द्या, मी काय गातो ते मी बघतो... होत नाही? यंत्रावर होत नसेल तर राहू दे तुमचा ट्रॅक. माझी माणसं घेऊन येतो मी. त्यांना सवय आहे."