तेविसाव्या दिवशी न वाजलेली घंटी

आमच्या कपाटात एक फोटो आहे. त्यात एक बाई कॉम्प्युटरच्या निळ्या पडद्यासमोर अशी बसली आहे, जणू विजेचा शोध तिनेच लावला. कडक इस्त्रीची साडी, पदराला पिन आणि हातात पेन. कॉम्प्युटरपुढे बसून पेन कशाला धरलं होतं, देव जाणे. नाती म्हणतात, "आजी, किती हुशार दिसतेस गं." मी म्हणते, दिसण्यावर जाऊ नका, मी तिला आतून ओळखते.

ही बाई नाशिकजवळच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजसाठी प्रोग्राम लिहायची. काळ्या पडद्याच्या कॉम्प्युटरचा तो काळ. माउस नव्हता, चित्रं नव्हती, हुकूम टाइप करायचा आणि वाट बघायची. तिचा प्रोग्राम खोलीचं तापमान घ्यायचा आणि ते वाढलं की घंटी वाजवायचा. एक सवलत मात्र होती. नवा माल भरला की द्राक्षं गरमच असतात, म्हणून पहिला पूर्ण दिवस घंटी गप्प राहील अशी तिने सोय केली होती. त्या सोयीचा तिला फार अभिमान होता.

एका हंगामात बंदरावर काहीतरी अडलं आणि एरवी पंधरा दिवसांत जाणारा माल तीन आठवड्यांवर पडून राहिला. माल भरून तेविसावा दिवस चालू असताना, एका रविवारी जेवणानंतर, कॉम्प्रेसर बंद पडला. ड्युटीवरचे ऑपरेटर सटाण्याकडचे होते, वयाने माझ्याहून थोडे मोठे, मितभाषी. घंटी तिथवर ऐकू जायची, म्हणून त्यांना मागच्या धक्क्यावर गाडी भरायला पाठवलं होतं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या खोलीतला माल निर्यातीच्या कामातून गेला.

सोमवारी मालकांनी सगळ्यांना उभं केलं. ऑपरेटर एवढंच म्हणत राहिले, "घंटी वाजनीच नही. मी जागा व्हतू." मालक माझ्याकडे वळले. "बाई, तुमचा प्रोग्राम चुकू शकतो का?"

त्यावर ती फोटोतली बाई म्हणाली, "साहेब, मशीन झोपत नाही. माणूस झोपतो."

हे वाक्य तिला इतकं आवडलं की घरी येऊन नवऱ्याला तिने ते पुन्हा ऐकवलं. तो नुसता हसला. ऑपरेटरांना त्याच दिवशी काढून टाकलं.

मागच्या वर्षी गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात मी गुडघे दाखवायला बसले होते. शेजारच्या म्हातारीने माझ्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं आणि विचारलं, "माले वळखं का, ताई?" ती त्या ऑपरेटरांची बायको. ते आत डायलिसिसला होते. आठवड्यातून दोनदा गावाहून यायचे. त्या प्रकारानंतर त्यांना दुसऱ्या कुठल्या कोल्ड स्टोरेजने घेतलं नाही. बातमी त्यांच्याआधी गावात पोचली आणि गावाने त्यांचं नाव झोप्या ठेवलं. पोरगा शाळेत झोप्याचा पोर म्हणून मार खाऊन आला. आता तो कळवणला दुकान चालवतो आणि बापाशी कामापुरतंच बोलतो.

"आजून तेच बोलतस," ती म्हणाली. "घंटी वाजनी नही, घंटी वाजनी नही. डॉक्टरले बी सांगतस. पोऱ्या आयकत नही." मग म्हणाली, "ताई, वाजनी व्हती का हो?"

मी म्हटलं, बघते. तीस वर्षांत हा शब्द मला सुचला नव्हता.

माझ्याकडे प्रोग्रामची छापील प्रत होती, कडेला भोकं असलेल्या त्या लांबलचक कागदावर. फ्लॉपीला बुरशी लागली होती. मुलाचा टाकून दिलेला लॅपटॉप मी घेतला आणि त्यावर ती जुन्या धाटणीची सिस्टिम घातली. हौशी लोकांनी ती नव्याने लिहिली आहे, पण तोंडावळा तोच: काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. ती रेघ दिसली आणि लाज वाटते सांगायला, मला आनंद झाला.

मग प्रश्न आला कंपायलरचा. आपण लिहिलेलं मशीनला कळेल अशा भाषेत उतरवणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. या सिस्टिमसाठी कोणती हत्यारं चांगली, याची लोकांनी याद्या केल्या आहेत आणि त्यावरून भांडणंही केली आहेत. मी ज्या सी भाषेत प्रोग्राम लिहायचे, एकट्या तिचेच चार-पाच कंपायलर. कोणता जागा कमी खातो, कोणता जुना प्रोग्राम जसाच्या तसा घेतो, कोणाच्या मदतीची पानं माणसाला समजतात. तरुणपणी मी कंपायलर कसा निवडला होता? त्याचा पडदा निळा होता म्हणून. आणि तो एका फ्लॉपीत मावायचा. साड्यासुद्धा मी याहून विचार करून घ्यायचे.

या खेपेला शहाण्यासारखं वागायचं ठरवून मी यादीत सगळ्यांनी वाखाणलेला, नव्या दमाचा कंपायलर घेतला. प्रोग्रामच्या ओळी टाइप करायला आठ दिवस गेले. त्यात एक बदल केला: एक मिनिट पापणी लवण्याहूनही लहान केलं, म्हणजे तेवीस दिवस बघायला तेवीस दिवस बसायला नको. तेविसाव्या दिवशी तापमान वाढवलं. घंटी वाजली, खणखणीत.

मी उठून चहा केला. साखर जास्त घातली. म्हणजे ते झोपलेच होते. माझं वाक्य खरं होतं. बायकोला काय सांगायचं तेही मनात जुळवलं: ताई, जाऊ द्या, माणूस आहे, डोळा लागतो. किती मोठं मन माझं.

चहा संपेपर्यंत मोठं मन टिकलं. मग आठवलं, हा कंपायलर आकडा ठेवायला मोठा डबा देतो. माझ्या निळ्या पडद्याच्या कंपायलरचा डबा लहान होता. त्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टच मावायचे. एक जास्त झाला की आकडा गडगडून थेट उणे व्हायचा. माल भरल्यापासूनची मिनिटं मी त्याच डब्यात ठेवली होती. कागदावर भागाकार केला. बावीस दिवस आणि अठरा तास.

पुढचे तीन दिवस मी लॅपटॉपला हात लावला नाही. देव पुसले, गूळ फोडून ठेवला, चष्म्याचं घर शिवलं. कोणता कंपायलर निवडायचा हे कोणी मला विचारणार नव्हतं. एक म्हणत होता बाई निर्दोष आहे, आणि तो यादीत पहिला होता.

चौथ्या दिवशी मी लहान डब्याचा कंपायलर घातला. त्यात इशारे, म्हणजे चुकीची शंका आली की कंपायलर देतो त्या सूचना, चालू असतात. चारशे ओळींत एकच इशारा आला, मिनिटांच्या ओळीवर: इथे आकड्याचे अंक हरवू शकतात. छापील प्रत पाहिली. वर, पहिल्याच पानावर, इशारे बंद करण्याची ओळ होती; टाइप करताना ती मी बिनकामाची म्हणून वगळली होती. पिवळी अक्षरं येऊन पडदा घाण दिसायचा म्हणून ती मी प्रत्येक प्रोग्रामला लावायचे.

चालवून पाहिला. बावीस दिवस सरले, मिनिटं उणे झाली, आणि प्रोग्रामला वाटलं की माल अजून भरायचाच आहे, म्हणून पहिल्या दिवसाची सवलत पुन्हा लागू झाली. तापमान चढत गेलं. घंटी वाजली नाही.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेले. ते फार सुकले होते. ओळखलं मात्र लगेच. "मॅडम," म्हणाले आणि उठायला लागले. बायकोने दाबून निजवलं. मी पडदा त्यांच्याकडे वळवला, समजावून सांगितलं आणि चालवलं. ते तापमानाकडे बघत राहिले, वाट बघत राहिले.

"परत दखाडा," ते म्हणाले.

पुन्हा दाखवलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्यांनी पडद्याकडे न बघता बायकोकडे बघितलं. "नही वाजनी," ते तिला म्हणाले.

बायको माझ्याकडे वळली. "तव्हा काब्र नही देखं?"

मी म्हटलं, "तेव्हाच बघायला हवं होतं. इशारा आला असता. मीच बंद करून ठेवला होता." तिला ते समजलं की नाही माहीत नाही. तिने लॅपटॉपचं झाकण आपणहून मिटवलं.

ते म्हणाले, पोराला सांगा. मी तिथूनच फोन लावला. पोराने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं. पण तापमानाचा काटा समोरच होता ना, ताई? बघायला काय झालं होतं त्यांना?" मी सांगितलं की त्यांना धक्क्यावर पाठवलं होतं. "बरं," तो म्हणाला, "दुकानात गिऱ्हाईक आहे."

"काय म्हनना?" त्यांनी विचारलं.

"ऐकून घेतलं," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

सव्वा महिन्यात ते गेले. दहाव्याला मी त्यांच्या गावी गेले. पिशवीत ती छापील प्रत होती, मिनिटांच्या ओळीखाली लाल रेघ मारलेली. कोणाला दाखवणार होते कोण जाणे. स्टँडवर उतरून पारावरच्या माणसांना घर विचारलं. त्यांचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्या आडनावाची गावात वीस घरं. मी म्हटलं, नुकतेच वारले ते. दोन वारले होते. म्हटलं, नाशिकला कोल्ड स्टोरेजमध्ये होते. कोणाला उमगेना. ऊन वर आलं होतं, गुडघे बोलायला लागले होते.

शेवटी मीच म्हटलं, "झोप्या."

"असं सांगा ना," एक जण उठला आणि त्याने कडुनिंबाकडे बोट केलं. "ते दखा, लिमना झाडजोडे."