पानात बांधलेली गाबोळी

सोलापूरच्या बाजारात मुंबईहून बर्फात आलेले बांगडे विकणाऱ्या त्या बाईला मी भर गर्दीत विचारलं, "यांच्यात जंत आहेत का? मला कॉलेजच्या प्रॅक्टिकलला हवेत."

"हळू की गं! गिऱ्हाईक पळवतीस व्हय?"

तेव्हापासून जंत दिसले की ती मला डोळा मारायची, आतडी माशाची अंडी असल्यासारखी पानात बांधायची आणि मोठ्यांदा म्हणायची, "घे तुझी गाबोळी, लई ताजी हाय!" मी मान खाली घालून घ्यायचे.

एकदा आमच्या गल्लीतल्या काकू अडून बसल्या. "ही गाबोळी आज मलाच द्या."

बाईची सुरी थांबली. तिचा सगळा धंदा त्या पुडीत होता. इंग्रजी शाळेत हजेरीही पुटपुटत दिलेली मी किंचाळले, "नको! मला डोहाळे लागलेत!"

काकूंनी माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. "आईला सांगितलंस?"