लाभचंद केटरर्स, न्यू डेल्ही

ज्या काळात रत्नागिरीत क्रेडिट कार्ड घेणारं एकही दुकान नव्हतं, त्या काळात माझ्याकडे क्रेडिट कार्ड होतं.

ते मी मागितलेलं नव्हतं. माझा शाळासोबती वसंता बँकेत होता. त्याच्या साहेबाने प्रत्येकाला गिऱ्हाइकं आणायला सांगितली होती आणि गावातल्या शहाण्या माणसांनी त्याला पायरीवरूनच वाटेला लावल्यावर तो माझ्याकडे आला. कार्ड आल्यावर मी ते मोठ्या तोऱ्यात बाजारातल्या कापडवाल्यासमोर ठेवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "फोटो कुठाय?" त्याला तो एसटीचा पास वाटला होता.

त्या कार्डाचा उपयोग झाला तो एकदाच, आणि तेवढ्याने मी आयुष्यातून उठायचा बाकी राहिलो.

मी तेव्हा मासे गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत होतो. ऐन मे महिन्यात आमच्या साहेबांना कावीळ झाली आणि परवान्याच्या कामासाठी त्यांच्याऐवजी मला दिल्लीला पाठवायचं ठरलं, तेही विमानाने! घरात विमानाचं कौतुक माझी बायको मंगल सोडून कोणालाच नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "दिल्लीला जातोयस तर नानाला आंबे घेऊन जा."

नाना म्हणजे माझे काका. सरकारी नोकरीपायी जन्मभर दिल्लीत अडकलेले. आणि आंबे म्हणजे आमच्या बागेतले. अण्णांची हापूसची ऐंशी कलमं होती आणि मला पस्तिसावं लागलं तरी त्यातल्या एकाच्याही फांदीला ते मला हात लावू देत नव्हते. फवारणी कधी करायची, फळ कधी उतरवायचं, आढी कशी लावायची, सगळं त्यांनीच ठरवायचं. मी काही बोललो की म्हणायचे, "तू मासे मोज." बागेचा कारभार एकदा तरी माझ्या हातात यावा, ही माझी खरोखरची मनापासूनची इच्छा होती. विमानाचं सोडा हो, विमानात कोणीही बसतो.

अण्णांनी विहिरीजवळच्या कलमाचे आंबे स्वतः निवडले, पेंढ्यात घालून पेटी ठोकली आणि माझ्या हातात देताना म्हणाले, "नीट ने. फळ आहे, मासळी नव्हे."

एसटीत पेटी सीटखाली ठेवली. सावर्ड्याला एक मुंबईकर चाकरमानी चढला आणि माझ्याशेजारी बसला. त्याच्याकडेही आंब्याची जुनी पेटी होती. ती त्याने माझ्या पेटीला खेटून सरकवली. मुंबईत तो परळला घाईघाईने उतरला. मी पुढे विमानतळावर गेलो.

तिथल्या पोलिसाने तपासणीसाठी पेटी उघडायला लावली. फळी निघाली आणि मागच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर नाकाला लावला. पेटीत सुके बोंबील होते. काठोकाठ.

"हे काय आहे?" पोलिसाने विचारलं.

"आंबे," मी म्हणालो. (सवयीने. तीन वेळा पाठ केलं होतं.)

आता तुम्ही म्हणाल, एवढा वेळ वास नाही आला? अहो, दहा वर्षं मासळीच्या कंपनीत काढलेलं नाक ते. त्याला बोंबलाचा वास म्हणजे नुसती हवा वाटते. आमचे आंबे परळच्या कुठल्याशा खोलीत पोचले होते आणि मी रिकाम्या हाताने नानाकाकांकडे निघालो होतो. अण्णांना हे कळलं तर बाग सोडाच, विहिरीवरसुद्धा त्यांनी मला जाऊ दिलं नसतं.

बोंबील त्या पोलिसालाच दिले. तो निघाला गुहागरकडचा, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. आणि मी वळतो तो काय, समोर काचेचं दुकान, वर 'सौगात' अशी पाटी आणि आत खोक्यांत आंबे! रोख पैसे होते ते कंपनीचे, त्यांना हात लावायची सोय नव्हती. मग खिशातून ते कार्ड काढलं. दुकानातल्या पोऱ्याने न हसता ते घेतलं, एका यंत्रात ठेवून वरून खर्रकन दांडा फिरवला. तेवढ्यात विमानाची शेवटची हाक झाली. कागदावरचा आकडा न बघताच मी सही ठोकली, आंबे खोक्यातून काढून मंगलने दिलेल्या कापडी पिशवीत भरले आणि खोकं, पावती, सगळा पुरावा कचऱ्याच्या डब्यात टाकून धावत सुटलो.

नानाकाकांना सांगितलं, "विहिरीजवळच्या कलमाचे आहेत. पेटी वाटेत फुटली." ते म्हणाले, "पेटी कोणाला खायचीय?"

मी परतल्यावर आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं. अण्णांनी ते ओटीवर बसून मोठ्याने वाचलं. 'यंदाच्या आंब्यासारखा आंबा मी उभ्या आयुष्यात खाल्ला नाही. विहिरीजवळच्या कलमाने कमाल केली. चिरंजीवांनी एवढ्या लांब आणूनही एका फळाला डाग नाही. त्याच्या हाताला गुण आहे.'

अण्णांनी पत्राची घडी घातली. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "पुढच्या हंगामापासून कलमांचं तूच बघ. दसऱ्याला चाव्या देतो."

मला आनंद झाला आणि लाजही वाटली. दोन्हींत आनंद जरा जास्त होता, खोटं कशाला बोलू?

त्यानंतर दीड महिन्याने बँकेचं पाकीट आलं. मी घाबरतच उघडलं, तर त्यात 'सौगात'चं नावच नाही! मुंबईचंही नाव नाही. दुकानदार विसरला, आपण सुटलो, असं म्हणतोय तोच खाली एक ओळ दिसली : लाभचंद अँड सन्स केटरर्स, न्यू डेल्ही. पुढे आकडा असा, की त्यात पन्नास माणसांची पंगत उठावी. आणि तारीख मी दिल्लीला पोचलो त्या दिवशीची.

मी ओरडलोच, "चोरी! कोणीतरी माझ्या नावावर जेवलंय!"

तिथेच गप्प बसायला हवं होतं. मंगलने कागद हातात घेतला.

"केटरर्स म्हणजे जेवण ना?"

"हो. पण मी नाही जेवलो."

"एकट्याचं नाहीच आहे हे जेवण," ती म्हणाली. "कोण होती?"

"अगं, कोणी नव्हती! मी काकांकडे पिठलं खात होतो."

"पिठल्याचे एवढे होत नाहीत."

अण्णा आतून बाहेर आले. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला. म्हणाले, "हे आधी निस्तर. दिल्लीला जाऊन उधळपट्टी करणाऱ्याच्या हाती मी बाग देणार नाही."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी खरंच जेवलो नव्हतो हो! तरातरा वसंताच्या बँकेत गेलो आणि टेबलावर कागद आपटला.

"नीट आठव," वसंता म्हणाला. "विमानतळावर वगैरे काही घेतलंस?"

"तिथे कशाला काही घेऊ?"

"कधीकधी दुकानाची पाटी एक असते आणि बिल मालकाच्या नावावर निघतं. मालक दुसऱ्या गावचा असला तर..."

"वसंता, तू माझ्या बाजूचा की लाभचंदच्या?"

त्याने कोरा कागद पुढे सरकवला. मी तिथेच बसून इंग्रजीत तक्रार लिहिली, 'ही खरेदी मी केलेली नाही, माझ्या कुटुंबातल्या कोणीही केलेली नाही, सहीची मूळ प्रत ताबडतोब मागवावी.' 'ताबडतोब'खाली दोन रेघा मारल्या. वसंता म्हणाला, "दोन कशाला, एक पुरे." मी तिसरी मारली. घरी येऊन अण्णांनाही सांगितलं, "येऊ दे ती सही. तुमच्यासमोरच फोडू."

ती आली गणपती झाल्यावर एका रविवारी. वसंता ती घेऊन स्वतःच घरी आला. वाटेत उघडून पाहिली असावी, कारण नेहमी चहा मागणारा माणूस पाणीसुद्धा नको म्हणाला. मी हात पुढे केला. त्याने पाकीट अण्णांच्या हातात दिलं, कारण तसंच ठरलं होतं आणि ठरवलं होतं मीच.

अण्णांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. "सौगात गिफ्ट शॉप... सांताक्रूझ विमानतळ... मालक, लाभचंद अँड सन्स..."

मी वसंताकडे पाहिलं, तो छताकडे बघत होता.

"सही," अण्णा म्हणाले, "तुझीच. शेपटासकट." मग आणखी खाली वाकले. "माल... अल्फान्सो. एक डझन."

मंगल हसायला लागली. ती भिंतीला टेकून, डोळे पुसत, अशी हसली की शेजारच्या वहिनी डोकावून गेल्या. दोन महिने मनात धरलेली ती दिल्लीची बाई शेवटी एक डझन आंबे निघाली होती. मी बोंबलापासून सगळं सांगितलं. अण्णा ऐकत होते की नाही, कळेना, कारण ते अजून कागदाकडेच बघत होते.

"कंसात काहीतरी आहे," ते म्हणाले.

"असू दे ना अण्णा."

"दे..." त्यांनी कागद उजेडात धरला. "देव... देवगड."

वसंता चपला शोधायला लागला. आपल्या मुलाने खोटं बोलावं, आंबे हरवावेत, पोलिसाला बोंबील वाटावेत, हे सगळं अण्णांनी एक वेळ पोटात घातलं असतं. पण सख्ख्या भावाने उभ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आंबा म्हणून देवगडचा आंबा खावा? माणूस तासाभरात खचला. मला त्यांची फार दया आली आणि स्वतःची त्याहून जास्त.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं.

"नानाला हे कळता कामा नये."

"नाही कळणार."

"तो पुढच्या वर्षी परत त्याच कलमाचे मागणार."

"मग आपल्या विहिरीजवळचेच पाठवू की."

"आणि तो लिहील, यंदा मागच्या वर्षीसारखी चव नाही? ते मी वाचायचं?" अण्णा दुसरीकडे बघत म्हणाले, "तुला कारभार हवा होता ना? नानाच्या पेटीचा कारभार तुझ्याकडे."

पुढच्या मे महिन्यात मी पहाटेच्या एसटीने देवगड गाठलं. एका बागेत म्हातारा बसला होता, त्याला म्हणालो, "दिल्लीला पाठवायचेत, एक डझन चांगले निवडून द्या."

"पाव्हणे कुठले?"

"रत्नागिरीचा."

त्याने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. आत गेला, आणखी दोन आंबे घेऊन आला आणि हळूच माझ्या पिशवीत ठेवले.

"हे असू देत," तो म्हणाला. "घरच्या पोरांना. तुमच्याकडे यंदा धरला नाही वाटतं."

ऐंशी कलमांच्या मालकाचा एकुलता एक वारस मी. "नाही धरला," म्हणालो, आणि दोन आंबे फुकट मिळाल्याच्या आनंदात पुढची एसटी पकडली.