फॉर्मबाईची वेणी

तिला सगळी वस्ती फॉर्मबाई म्हणायची. अडचणीतल्या कुटुंबांना घरी जाऊन मदत करायची, ही तिची नोकरी. पण दार उघडताच ती बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म काढायची, म्हणून लोक आतूनच ओरडून सांगत, घरी कोणी नाही. अकरा वर्षांत तिनं तीन साहेब झिजवले आणि एका कुत्र्याचा चावा खाल्ला. त्या चाव्याचाही ऑफिसात वेगळा फॉर्म होता.

टायरवाल्याची नऊ वर्षांची मुलगी महिनाभर शाळेत आली नाही, म्हणून शाळेनं फॉर्मबाईला त्याच्या घरी पाठवलं. टायरवाल्यानं कडेवर बाळ घेऊन दार उघडलं आणि काही विचारायच्या आत, आमचं सगळं ठीक आहे, असं सांगून टाकलं. मागे मोरीत भांड्यांचा डोंगर. बायको खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळंतपणापासून पाच महिने ती तशीच होती. हे सगळे नखरे आहेत, असं सासूबाईंचं मत. ते त्या रोज फोनवर देत, मदतीला मात्र येत नसत.

फॉर्मबाईनं पहिला प्रश्न वाचला. घरातलं वातावरण उत्तम, मध्यम की वाईट?

टायरवाल्यानं बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं. "वाईट लिहिलं तर पोरं नेतील. उत्तम लिहिलं तर तुम्ही परत येणार नाही. मध्यम लिहा."

तिनं फॉर्म पिशवीत कोंबला आणि मुलीला जवळ बोलावलं. केसांचा नुसता गुंता झाला होता. वर्गात मुली हसायच्या आणि बाबांना वेणी येत नव्हती. वेणी फॉर्मबाईलाही येत नव्हती, तिचे केस कायम कानाच्या वर. पण ऑफिसच्या माणसाचा आत्मविश्वास दांडगा. तिनं फणी घेतली आणि वरून ओढली. पोरगी कळवळली.

"असं नका ओढू," खाटेवरून आवाज आला. "आधी खालून सोडवतात."

फॉर्मबाईनं पुन्हा ओढलं. मुद्दाम नव्हे, खरंच जमत नव्हतं म्हणून. तेव्हा बायको उठून बसली आणि तिनं फणी हिसकावून घेतली. अर्धं डोकं विंचरून ती दमली, पुन्हा आडवी झाली. उरलेलं डोकं दुसऱ्या दिवशी झालं.

डॉक्टरकडे न्यायला तीन आठवडे मनधरणी करावी लागली, गोळ्या लागू पडायला त्याहून जास्त. फॉर्मबाई दर मंगळवारी जात राहिली. टायरवाल्याला तिनं बाळाची अंघोळ शिकवली. सासूबाईंचा फोन एकदा स्वतः उचलून त्यांना बेचाळीसही प्रश्न विचारले. त्यानंतर फोन कमी झाले.

एका मंगळवारी दार बायकोनंच उघडलं. पुढच्या आठवड्यात येऊ नका, म्हणाली, शिवणाच्या दुकानात पुन्हा कामाला लागतेय. फॉर्मबाईला आनंद झाला आणि जरा रागही आला. तिला तिथल्या चहाची चांगलीच सवय लागली होती.