डहाणूच्या गल्लीत, भिंती नसलेल्या घरासमोर

कॉलेजातली माझी मैत्रीण शुभांगी डहाणू गावात शिक्षिका आहे. गेली दोन वर्षं ती फोनवर एकच पुराण लावते: त्यांची जुनी कौलारू गल्ली दुरुस्त होतेय, आणि एकाही कुटुंबाला बाहेर न काढता. मला काही ते पटेना. भिंती-कौलं उतरवून घर उघडायचं म्हणजे माणसं हलणारच, आणि हललेलं भाडेकरू कुटुंब परत येतं कुठे? शेवटी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गाडी काढली.

नाशिकहून जव्हारमार्गे जाणार असाल तर भल्या सकाळी निघा. वळणं भरपूर, आणि रस्ता मध्येच रुसतो. कासाला मिसळ खाल्ली (बरी होती, नाशिककरांनी फार अपेक्षा ठेवू नये), चारोटीला हायवे ओलांडला आणि आशागडच्या आसपास चिकूच्या वाड्या दिसायला लागल्या. डहाणू गावात गाडी खाडीकडेच लावा. गल्लीत ती कशीबशी शिरते, पण निघत नाही. मला बाहेर काढायला चौघांना ओट्यांवरून उतरावं लागलं, त्यामुळे सगळ्यांशी ओळख मात्र लगेच झाली.

समोरासमोर ओटे, लाकडी खांब, वर बुटकी माडी. इथे एका वेळी एकच घर उघडतात. लाकूड आणि कौलं मालकाची, मजुरी भाडेकरूची, आणि ज्याचं घर उघडलं त्याचा संसार तेवढ्यापुरता समोरच्या घरात. शुभांगीच्या पुढच्या खोलीत सध्या मंजुबेन होत्या. सत्तरीच्या, एकट्या, पापड लाटून पोट भरणाऱ्या. सासऱ्यांच्या काळापासून समोरच्या घरात भाड्याने.

त्यांचं घर बघून मला हसूच फुटलं. भिंती सगळ्या उतरवलेल्या, छप्पर नुसतं खांबांवर, आणि समोर एकटं दार. त्याला कुलूप! दोन्ही बाजूंनी म्हैस आत जाईल एवढी वाट मोकळी, तरी मंजुबेन कुलूप उघडेपर्यंत गवंडी ओट्यावर बिडी ओढत बसतात. गल्लीचा नियमच आहे, भिंती काढा, पण चौकट हलवायची नाही आणि किल्ली राहणाऱ्याकडेच.

“चौकट ऊभी छे ने, तो घर माझं,” मंजुबेन आपल्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या. “माझी बेन रिपेरिंगसाठी म्हणून निघाली होती तिच्या घरातून. परत कोणी घेतलीच नाही तिला.”

माझं हसू तिथेच विरलं. शुभांगीने मागाहून सांगितलं, की मालक वारल्यापासून त्यांचा मुलगा वापीहून सगळं बघतो. लाकूड आणि कौलांचे पैसे त्याने दिले, पण एक बिल्डर त्याच्याकडे खेपा घालतोय, आणि मंजुबेनना परत राहू देणार का, यावर तो धड हो म्हणत नाही की नाही.

रविवारी सकाळी आम्ही तलासरीजवळच्या झरीला गेलो, मंजुबेनच्या घरासाठी कौलं बघायला. तिथल्या एका शेतकऱ्याने घरावर स्लॅब टाकलाय, आणि उतरवलेली जुनी कौलं अंगणात नीट रचून ठेवलीत. सौदा ठरायच्या आधीच नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढे आली. अशी भाकरी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. कौलं शोभेला नाही, छपरावरच चढणार ना, एवढं त्यांनी दोनदा विचारून घेतलं. टेम्पो सांगून आम्ही दुपारी परतलो.

तर गल्लीत सगळे मंजुबेनच्या दारापाशी जमले होते. चौकटीच्या पायाला वाळवी लागली होती, वर वजन द्यायचं तर ती काढून खालचं लाकूड बदलणं भाग होतं. गवंड्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. आणि नेमका त्याच दुपारी मालकाचा मुलगा यायचा होता. मंजुबेननी एकदा चौकट हाताने चाचपली. मग शुभांगीच्या घरातून पोळपाट, लाटणं आणि पिठाचा डबा घेऊन आल्या आणि गवंड्याला म्हणाल्या, काढ. चौकट निघाली तशा मंजुबेन त्या रिकाम्या जागेत मांडी घालून बसल्या आणि पापड लाटायला लागल्या. ऊन तिरपं होऊन अंगावर आलं, छत्री धरायला शेजारणी आल्या, पण बाई जागची हलली नाही.

चारच्या सुमारास मालकाचा मुलगा आला. पस्तिशीचा, कानाला फोन. गल्ली ओट्यांवर बसून बघत होती. त्याला घर बघायचं होतं, आणि सगळीकडून उघड्या त्या घरात तो कुठूनही शिरू शकला असता. पण तो पापडांपाशी येऊन थांबला. फोन खिशात टाकला.

“मासी, अंदर येऊ?”

मंजुबेननी लाटणं न थांबवता सांगितलं, “चप्पल काढून ये.”

आत नुसता मातीचा आणि विटांच्या तुकड्यांचा ढीग होता. त्याने बूट काढले, मोजेही काढले, त्या अंग चोरून जरा बाजूला सरकल्या आणि तो अनवाणी आत गेला. शुभांगीने माझा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

परत येऊन आता दीड महिना झाला. दुरुस्ती म्हटली की आधी माणसं उठवायची, हे मी इतकं गृहीत धरलं होतं, की त्या गल्लीने मला चांगलंच जमिनीवर आणलं. सगळं तिथे सुरळीत आहे असं नाही, कामाला वेळ लागतो, भांडणं होतात. पण माणसं तिथेच आहेत.

काल शुभांगीचा फोन आला. मालकाच्या मुलाने अडवलं नाही, मंजुबेन आपल्या घरात परत राहायला गेल्या. मी अभिनंदन करायला फोन त्यांच्याकडे द्यायला सांगितला. पलीकडून त्यांनी माझं बोलणं अर्ध्यावर तोडलं.

“आता तू डहाणूला आली ना, तर शुभांगीकडे नाही उतरायचं. माझ्याकडे जागा छे.”